दूरच्या संगणकाशीं संधान : तें कां तुटतें व कसें जुळवावें

पूर्वीं ज्याच्या कनवटीला कपाटाची किल्ली, त्याच्या हातीं घरचे कागदपत्र, असा सरळ हिशेब असे. आतां कागदपत्र संगणकांत गेले. आणि संगणक एका खोलींत व तो वापरणारा दुसऱ्या खोलींत, किंबहुना दुसऱ्या गांवीं, असा प्रकार घरोघरीं दिसूं लागला आहे. या दोहोंमध्यें जो अदृश्य पूल असतो, तो शाबूत असेपर्यंत त्याची आठवणहि कोणास होत नाहीं. परंतु एके दिवशीं तो कोसळला म्हणजे घरांतील शिकलींसवरलीं माणसेंहि गोंधळून जातात व भलत्याच ठिकाणीं दुरुस्ती करावयास लागतात. गेल्या वर्षीं आमच्या घरीं असाच प्रसंग आला. त्यांतून जें शिकावयास मिळालें तें इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल, या समजुतीनें तें येथें सविस्तर लिहीत आहें.

आमच्या घरची हकीकत

सांगलीस आमचें एकत्र कुटुंब आहे. थोरले काका ८१ वर्षांचे. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला आहे. जुनीं पत्रें, जन्मटिपणें, सनदांच्या नकला यांचीं हजारों चित्रें स्कॅनरनें काढून माडीवरील संगणकांत सांठविलेलीं आहेत, आणि मजकूरहि तेथेंच आहे. मध्यंतरीं काकांचें खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण जिना चढण्याची मनाई झाली. संगणक खालीं आणावा तर स्कॅनर, त्यावर काम करणारीं माणसें व दप्तरें वरच. मजकुराची एक प्रत खालच्या लॅपटॉपवर घेऊन पाहिली. परंतु पंधरा दिवसांत वरची प्रत निराळी व खालची निराळी असें होऊन एका शाखेच्या तीन पिढ्यांच्या दुरुस्त्या बुडाल्या. तेव्हां काकांनीं निक्षून सांगितलें, "पोथी एकच पाहिजे, व ती एकाच ठिकाणीं पाहिजे."

यावर वहिनींनीं उपाय काढला. त्या एका महाविद्यालयाच्या संगणक-विभागांत काम करितात. वरच्या संगणकावर 'रिमोट डेस्कटॉप' नांवाची सोय त्यांनीं सुरू करून दिली आणि काका माजघराशेजारच्या खोलींत पलंगावर बसून माडीवरचा संगणक चालवूं लागले. सहा महिने हें बिनतक्रार चाललें. पुढें एका सोमवारीं इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचा मनुष्य येऊन जुना राउटर काढून नवा बसवून गेला, आणि त्या दिवसापासून काकांच्या पडद्यावर 'दूरच्या संगणकाशीं संबंध जोडतां येत नाहीं' एवढेंच वाक्य येऊं लागलें. छापखान्याला शेवटचे फर्मे देण्यास आठ दिवस उरले होते. काका बोलले कांहीं नाहींत. पण दोन दिवस त्यांचें जेवणावर लक्ष नव्हतें.

ही सोय म्हणजे काय

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वीं या सोयीचें स्वरूप समजून घेणें अवश्य आहे. यांत सर्व काम दूरचा संगणकच करीत असतो. आपल्यापुढें येतें तें त्याच्या पडद्याचें केवळ चित्र. आणि आपण दाबलेली कळ व हलविलेला माऊस यांची वार्ता तेवढी इकडून तिकडे जाते. म्हणूनच जवळचें यंत्र दुबळें असलें तरी चालतें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ही सोय १९९८ मध्यें विंडोज एनटीच्या 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्तींत प्रथम दिली व २००१ मध्यें विंडोज एक्सपी प्रोफेशनलबरोबर ती साध्या टेबलावरच्या संगणकांत आली. मात्र एक गोष्ट आरंभींच ध्यानांत ठेवावी. विंडोजच्या 'होम' आवृत्तीच्या संगणकावरून दुसऱ्या संगणकांत जातां येतें, पण त्या संगणकांत बाहेरून येतां येत नाहीं. त्यासाठीं 'प्रो' किंवा तत्सम आवृत्ति लागते. पुष्कळ घरीं आठ आठ दिवस खटपट होते व मूळ अडचण एवढीच निघते.

एक मोठी चूक होतां होतां टळली

येथें मला माझी स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. वहिनी कामावर गेल्या होत्या. काकांची तगमग पाहवेना, म्हणून मीं इंटरनेटवर मदतीचा दूरध्वनि-क्रमांक शोधला व पहिला दिसला तो फिरविला. पलीकडचा गृहस्थ फार गोड बोलला. "एक लहानसा ॲप उतरवून घ्या आणि त्यावर जो आंकडा दिसेल तो मला वाचून दाखवा, पांच मिनिटांत काम होईल," असें तो म्हणाला. मी ॲप उतरवावयाच्या बेतांत होतों. काका पलंगावरून ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, आपण न सांगतां त्याला आपला आजार कसा कळला? आणि स्वतःचें नांव विचारलें तर तो तें टाळतो कां?" मीं नांव पुन्हां विचारलें, तों पलीकडून फोन बंद झाला.

त्या आंकड्याचा अर्थ वहिनींनीं संध्याकाळीं समजावून दिला. तो वाचून दाखवून पुढची परवानगी दिली असती, तर त्या अनोळखी माणसाला काकांच्या लॅपटॉपचा पडदा मिळाला असता. आणि काकांच्या निवृत्तिवेतनाचें बँकेचें खातें त्याच यंत्रावर उघडत असे. रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींत अशाच प्रकारच्या फसवणुकीसंबंधीं बँकांना सावध केलें होतें. वाचकांनीं पक्कें लक्षांत ठेवावें कीं, दूरच्या यंत्रावर काम करण्याची जी सोय सद्गृहस्थाच्या उपयोगाची, तीच चोराच्याहि उपयोगाची आहे. मदतीचा क्रमांक शोधून काढलेल्या यादींतून घेऊं नये. वस्तूबरोबर आलेल्या कागदावरून किंवा बिलावरून घ्यावा. आणि चूक होऊन पैसे गेलेच तर लाजून घरांत बसूं नये. त्याच क्षणीं १९३० या सरकारी क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें.

दिंडीदरवाजापासून खोलीपर्यंत

वहिनी घरीं आल्या. चहा घेऊन त्यांनीं काकांजवळ खुर्ची ओढली. मीं विचारलें, "संगणक बंद करून पुन्हां चालू करूं का?" त्या म्हणाल्या, "भावोजी, आधीं गडबड करूं नका. पत्र पोंचलें नाहीं तर आपण काय पाहतों? पत्ता बरोबर होता का, पोस्टमन वाड्यापर्यंत आला का, देवडीवरच्या माणसानें त्याला अडविलें का, खोलीचें दार उघडें होतें का, आणि आंतल्या माणसानें ओळख पटवून पत्र घेतलें का. हाच क्रम येथें धरावयाचा. एक पायरी पक्की झाल्यावांचून पुढची चढावयाची नाहीं, आणि एका वेळीं दोन गोष्टी बदलावयाच्या नाहींत. नाहीं तर कशानें गुण आला तें कळत नाहीं."

पुढें जें झालें तें याच क्रमानें सांगतों.

पहिली पायरी, संगणक जागा आहे कीं नाहीं. मी माडीवर गेलों तों संगणक झोपीं गेलेला. कांहीं काळ कोणी हात लावला नाहीं म्हणजे वीज वांचविण्यासाठीं तो निद्रिस्त होतो, आणि निजलेल्याला दूरची हांक ऐकूं येत नाहीं. मीं त्याला जागा केला व विजेच्या मांडणींत 'कधींहि झोपूं नये' असें ठरवून दिलें. मला वाटलें, संपलें काम. परंतु खालीं काकांच्या पडद्यावर तेंच वाक्य! एक दोष सांपडला म्हणजे तोच एकटा दोषी, असें समजूं नये हा त्यांतला पहिला धडा.

दुसरी पायरी, दोन्हीं यंत्रें एकाच जाळ्यांत आहेत कीं नाहींत. प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो. तोच त्याचा पत्ता. 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली म्हणजे तो दिसतो. घरगुती जाळ्यांत हे क्रमांक बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं आरंभ होतात. हे आंकडे खासगी जाळ्यांसाठींच राखलेले असून ते घराबाहेर चालत नाहींत. वरच्या संगणकाचा क्रमांक १९२.१६८.०.१४ असा निघाला व काकांच्या लॅपटॉपचा १९२.१६८.२.३१. तिसरा आंकडा निराळा पाहून वहिनी हंसल्या. नवीन राउटरवर वायफायचीं दोन नांवें होतीं. एक घरच्या माणसांसाठीं व दुसरें आल्यागेल्या पाहुण्यांसाठीं. पाहुण्यांच्या जाळ्यांतून इंटरनेट मिळतें, परंतु घरांतील इतर यंत्रांकडे जातां येत नाहीं. त्याचा हेतूच तो आहे. राउटर बसविणाऱ्या मनुष्यानें काकांचा लॅपटॉप नेमका त्या दुसऱ्या जाळ्याला जोडून दिला होता. इंटरनेट चालत असल्यामुळें कोणाला शंका आली नाहीं.

"म्हणजे मी माझ्याच घरांत दोन दिवस पाहुणा होतों म्हणावयाचा!" काका म्हणाले. दोन दिवसांत ते पहिल्यानेंच हंसले.

तिसरी पायरी, पत्ता बरोबर आहे कीं नाहीं. लॅपटॉपमध्यें वरच्या संगणकाचा जुना क्रमांक लिहून ठेविला होता. नव्या राउटरनें तो बदलला होता. घर तेंच, पण नगरपालिकेनें घरक्रमांक बदलले, असा हा प्रकार. क्रमांकाऐवजीं संगणकाचें नांव लिहितां येतें. पण कधीं कधीं नांवावरून क्रमांक शोधण्याचें कामच बिघडलेलें असतें. म्हणून नांवानें संबंध जुळत नसेल तर क्रमांकानें, व क्रमांकानें जुळत नसेल तर नांवानें, असें आलटून पालटून पाहावें. एकानें जुळला व दुसऱ्यानें नाहीं, तर दोष रस्त्यांत नसून पत्त्यांत आहे हें उघड होतें. पुढें वहिनींनीं राउटरमध्यें वरच्या संगणकासाठीं तो क्रमांक कायमचा राखून ठेविला, म्हणजे पुन्हां हा घोटाळा होऊं नये.

चौथी पायरी, वाट मोकळी आहे कीं नाहीं. यासाठीं 'पिंग' नांवाची एक जुनी आज्ञा आहे. १९८३ मध्यें माइक मूस या अमेरिकन संगणकज्ञानें ती तयार केली. आपण हांक मारावयाची व पलीकडून 'ओ' येते कीं नाहीं हें पाहावयाचें, एवढेंच तिचें काम. 'ओ' आली तर वाट आहे हें निश्चित. परंतु 'ओ' आली नाहीं तर पलीकडचें यंत्र बंदच आहे असें मात्र समजूं नये. कित्येक संगणक सुरक्षिततेसाठीं अशा हांकेला मुद्दामच उत्तर देत नाहींत. आमच्या संगणकानेंहि दिलें नाहीं.

पांचवी पायरी, दार उघडें आहे कीं नाहीं. संगणकाला हजारों दारें असतात व प्रत्येक कामाचें दार ठरलेलें असतें. रिमोट डेस्कटॉपचें दार ३३८९ क्रमांकाचें. 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेला संगणकाचा पत्ता व हा दार-क्रमांक दिला म्हणजे दार उघडें कीं बंद तें ती सांगते. येथें वहिनींनीं एक मार्मिक गोष्ट सांगितली. दार ठोठावतांच 'नाहीं' असें उत्तर तत्काळ आलें, तर वाड्यापर्यंत आपण पोंचलों, परंतु त्या दाराआड कोणी बसलेलें नाहीं. म्हणजे ती सोय सुरूच केलेली नाहीं. उलट, वीस-पंचवीस सेकंद कांहींच उत्तर न येतां शेवटीं नकार आला, तर हांक वाटेंतच कोणी गिळून टाकिली. म्हणजे देवडीवरच्या पहारेकऱ्यानें, अर्थात् फायरवॉलनें अडविली, किंवा त्या पत्त्यावर कोणी नाहींच. आमच्या येथें दुसरा प्रकार घडत होता. वरच्या संगणकावर विषाणूंपासून रक्षण करणारा एक विकतचा कार्यक्रम होता. त्याचा पहारेकरी स्वतंत्र. राउटर बदलल्यामुळें त्याला हें जाळें अनोळखी वाटलें व त्यानें तें 'सार्वजनिक' ठरविलें, म्हणजे रेल्वेस्टेशनावरच्या वायफायच्या पंक्तीस बसविलें. तें 'घरचें' आहे असें सांगतांच दार उघडलें.

कित्येक लोक या पायरीवर सबंध फायरवॉलच बंद करून टाकितात. काम होतें खरें. पण एका मित्राला आंत घेण्यासाठीं वाड्याचा दिंडीदरवाजाच उखडून टाकण्यासारखें तें आहे. पाहावयाचेंच असेल तर क्षणभर बंद करून पाहावें, व कारण कळतांच पुन्हां चालू करून नेमकी तेवढीच परवानगी द्यावी.

सहावी पायरी, ओळख. काकांच्या पडद्यावर आतां नांव व पासवर्ड विचारणारी चौकट आली. वहिनी म्हणाल्या, "ही चौकट दिसली म्हणजे रस्त्याची काळजी मिटली. आतां दोष असला तर तो ओळखीचा." हें वाक्य मीं टिपून ठेविलें आहे, कारण चौकट दिसूनहि राउटरशीं झटणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. काकांनीं चार आंकडी पिन घातला. तो नाकारला गेला. पिन हा त्या एका यंत्रासमोर बसणाऱ्यासाठीं असतो, दुरून येणाऱ्याला खात्याचा पुरा पासवर्ड द्यावा लागतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेविलेला नाहीं त्याला तर दुरून प्रवेशच नाहीं. शिवाय खातें प्रशासकाचें नसेल तर परवानगीच्या यादींत तें मुद्दाम घालावें लागतें. काकांनीं टिपणवही उघडून पासवर्ड काढला, चष्मा पुसून एकेक अक्षर बोटानें शोधून घातला; आणि माडीवरचा कुलवृत्तांत त्यांच्या मांडीवर उघडला.

त्याच क्षणीं मी वर त्याच संगणकावर बसलों होतों तो माझ्या डोळ्यांदेखत माझा पडदा बंद झाला! ही सातवी पायरी. विंडोजच्या या नेहमींच्या आवृत्त्यांत एका वेळीं एकालाच काम करितां येतें; दुरून कोणी त्या खात्यांत शिरला कीं समोरच्याच्या पडद्याला कुलूप लागतें. हा बिघाड नसून नियम आहे. पण ज्या घरांत तो ठाऊक नसतो तेथें वरचा खालच्याला बाहेर काढतो व खालचा वरच्याला, आणि दोघेहि म्हणतात कीं संबंध सारखा तुटतो. आमच्याकडे यापायीं वेळापत्रक झालें. सकाळीं काका, दुपारनंतर स्कॅनरवर बसणारी मंडळी.

कचेरींत व परगांवीं

कचेरीच्या जाळ्यांतहि क्रम हाच, कारणें मात्र आणखी कांहीं. एका यंत्रावर नव्या सुरक्षा-दुरुस्त्या बसविलेल्या व दुसरें मागासलेलें, असें झालें तर दोघांची ओळख पटेनाशी होते. २०१८ च्या मे महिन्यांत अशाच कारणानें जगभर असंख्य कचेऱ्यांतील हे संबंध एकाएकीं तुटले होते. उपाय एवढाच कीं, दोन्हीं यंत्रें अद्ययावत ठेवावीं.

परदेशीं असलेलीं मुलें आईबापांच्या संगणकाशीं संधान बांधूं पाहतात, त्यांनीं मात्र एक मोह टाळावा. राउटरमध्यें ३३८९ क्रमांकाचें दार सरळ जगाला उघडून देण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणीं मिळतो. जगांतील चोर हीं दारें यंत्रांकरवीं अहोरात्र ठोठावीत असतात, व पासवर्ड सोपा असला कीं आंत शिरून सर्व कागदपत्रांना कुलूप लावून खंडणी मागतात. २०१९ च्या मे महिन्यांत तर या सोयीच्या जुन्या आवृत्त्यांत असा दोष आढळला कीं, पासवर्डावांचूनहि आंत शिरतां यावें. मायक्रोसॉफ्टनें तेव्हां, केव्हांच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठींहि दुरुस्ती काढली, यावरून त्याचें गांभीर्य कळेल. शिवाय आपल्याकडील बऱ्याच इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वांटून देतात. तेथें दार उघडूनहि बाहेरचा मनुष्य आपल्या घरापर्यंत पोंचूंच शकत नाहीं. म्हणून परगांवाहून यावयाचें तर 'व्हीपीएन' या बंदिस्त बोगद्यानें आधीं घरच्या जाळ्यांत यावें, व मग घरच्यासारखें वरचा क्रम धरून संगणकांत शिरावें.

घरच्या वहींत एक पान

त्या रात्रीं वहिनींनीं काकांच्या टिपणवहींत एक पान लिहून दिलें. संगणकाचें नांव, त्याचा राखीव क्रमांक, घरच्या वायफायचें नांव, खात्याचें नांव व वरील सात पायऱ्या, एवढेंच त्यावर आहे. पासवर्ड मात्र त्या वहींतून काढून कुलुपाच्या कपाटांत गेला. प्रत्येक कुटुंबांत असें एक पान असावें, आणि तें घरांतील एकाच जाणत्या माणसाच्या डोक्यांत न राहतां सर्वांना वाचतां येईल असें असावें. वहिनी परगांवीं असतांना एकदां पुन्हां संबंध तुटला. त्या वेळीं काकांनीं स्वतः पान उघडून तिसऱ्या पायरीवर दोष धरला व मला हांकहि मारली नाहीं.

कुलवृत्तांताचे शेवटचे फर्मे ठरल्या तारखेस छापखान्यांत गेले. प्रस्तावनेंत काकांनीं ज्यांचे आभार मानिले आहेत त्यांत सूनबाईंचें नांव प्रथम आहे.

यंत्रविद्येचा मला अधिकार नाहीं; मीं पाहिलें व चुकतां चुकतां शिकलों तेवढेंच येथें सांगितलें. अडचण आली असतां घाबरून न जातां, अनोळखी माणसाच्या हातीं घराची किल्ली न देतां, पायरीपायरीनें दोष शोधण्याची संवय या लेखामुळें एखाद्या घरीं लागली, तर लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन.